दुसऱ्याचा ओटा

बाईंच्या नोकरीचे आता सात महिने उरले होते, आणि गुडघ्यांचे त्याहून कमी.

सरकारी रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या रांगेच्या शेवटी त्यांचा व्यवसायोपचार विभाग होता. पाटीवरचं 'व्यवसाय' वाचून आठवड्यातून एखादा तरी माणूस आत डोकावायचा आणि इथे नोकरी मिळते का, म्हणून विचारायचा. पूर्वी बाई अशा माणसाला बसवून घेत. पक्षाघात झालेल्या, हातपाय अधू झालेल्या माणसाला अंघोळ, कपडे, स्वयंपाक, कामधंदा पुन्हा जमावा म्हणून इथे मदत करतात, असं सांगत. आता नुसती मान हलवत. सव्वीस वर्षं तेच ते सांगून तोंड दुखायला लागलं होतं.

विभागात सरावासाठी एक स्वयंपाकघर होतं. कुणीतरी देणगी देऊन बांधलेलं: ओटा, शेगडी, भिंतीतलं कपाट आणि एक खुर्ची. तिथे रुग्णाकडून चहा करून घ्यायचा आणि फॉर्म भरायचा. नियम म्हणजे दगडावरची रेघ. "चहा करा" एवढं एकदा सांगायचं, मग गप्प बसायचं. रुग्णाने काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. फॉर्मचा पहिलाच रकाना होता, 'स्वतःहून सुरुवात करतो का'. तिथे शून्य पडलं की मेंदूला मार बसलाय, माणूस एकटा राहू शकत नाही, असा अर्थ निघायचा आणि पुढचे रकाने कुणी बघायचंही नाही. बड्या अधिकाऱ्याची सासू असो की झाडूवाला, बाईंनी सगळ्यांना तेच दोन शब्द त्याच आवाजात सांगितले होते. त्याचा त्यांना अभिमान होता. बाकी सगळं पाट्या टाकणंच चाललं होतं, त्यामुळे अभिमानाला तेवढी एकच जागा उरली होती.

सोमवारी वॉर्डातून मावशी आल्या. पस्तीस वर्षं लोकांच्या घरची धुणीभांडी केलेली बाई. ज्यांची ती कुणी लागत नव्हती, ती माणसंही तिला मावशीच म्हणायची. खरा भाचा एकच, तो काठी आणि फाइल घेऊन मागून आला. दीड महिन्यापूर्वी पक्षाघाताने मावशींचा डावा हात लुळा पडला होता आणि पाय ओढत चालावं लागत होतं. तिसऱ्या मजल्यावर त्यांची स्वतःची एक खोली होती, तिथे त्या एकट्याच राहायच्या. गुरुवारी रुग्णालयाची समिती बसणार होती. मावशींना खोलीवर परत जाऊ द्यायचं की कायमचं आश्रयगृहात पाठवायचं, हे बाईंच्या फॉर्मवर ठरणार होतं. मावशींना ते ठाऊक होतं. आल्या आल्या त्यांनी एवढंच विचारलं, "मी माझ्या खोलीवर कधी जाणार?"

बाईंनी भाच्याला बाहेर बसवलं आणि म्हणाल्या, "चहा करा."

मावशींनी ओट्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. किती जणांचा, असं विचारलं. बाई गप्प. कुठल्या भांड्यात करू, साखर किती घालू? बाई गप्प. मावशी उजव्या हातात डावा हात धरून पाच मिनिटं उभ्या राहिल्या, आणि मग खुर्ची शेजारीच असताना दाराजवळ जमिनीवर बसल्या. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि पहिल्या रकान्यात शून्य टाकलं. शेरा लिहिला: वारंवार सूचना मागते, खुर्चीचा उपयोग लक्षात येत नाही. असा शेरा लिहिण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. चार वर्षांपूर्वी एक इस्त्रीवाल्या आजी अशाच ओट्यासमोर हात बांधून उभ्या राहिल्या होत्या, त्या आश्रयगृहात गेल्या. सही करून बाईंनी फॉर्म शिपायाच्या हाती दिला. दिवसातला सहावा फॉर्म होता.

चष्मा आतच राहिला म्हणून त्या परत फिरल्या, तेव्हा मावशी मोरीपाशी उभ्या होत्या. सकाळी विभागातल्या चौघांनी चहा पिऊन कप तसेच टाकले होते. मावशींनी डाव्या कोपराने कप कडेला दाबून धरला होता आणि उजव्या हाताने त्या तो घासत होत्या. तीन कप आधीच पालथे घातलेले होते. ओटा पुसून, फडकं पिळून वाळत घातलेलं होतं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? उष्टी भांडी दिसली तर घासायची."

"मग मघाशी चहा का नाही केलात?"

मावशींनी चौथा कप पालथा घातला. "दुसऱ्याच्या ओट्यावर विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नसतो, बाई. पहिल्या घरी मी न विचारता साखरेचा डबा उघडला होता. चहालाच. त्या बाईंनी पोलिसात देते म्हणून सांगितलं. मी सोळा वर्षांची होते. तुम्ही काही सांगेचनात, मग मी काय करणार?"

बाईंच्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. त्या तशाच खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवर मावशी का बसल्या नाहीत, हे आता वेगळं विचारायची गरज नव्हती.

फॉर्म परत मागायला त्या कचेरीत गेल्या तर वर शिक्का बसलेला. एकदा शिक्का बसला की चाचणी पुन्हा सहा आठवड्यांनी, हा नियम. मंगळवारी त्या विभागप्रमुख साहेबांना भेटल्या. साहेब नुकतेच 'समता आणि समावेशन' या विषयाच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाहून आले होते आणि त्याचं प्रमाणपत्र कुठल्या भिंतीवर शोभेल ते बघत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की सगळ्यांना एकच चाचणी, यालाच तर समता म्हणतात. एकीसाठी नियम वाकवला तर बाकीच्यांवर अन्याय होईल. हे बाईंनाच समजू नये याचं त्यांना नवल वाटलं. बाईंनाही फारसं रागावता आलं नाही. सोमवारपर्यंत त्यासुद्धा हेच म्हणत होत्या.

फॉर्मच्या मागच्या पानावर तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'आवश्यक वाटल्यास घरभेट'. सव्वीस वर्षांत ती कुणी वापरली नव्हती. घरभेटीला गाडी मिळत नाही, वेळ मिळत नाही, आणि मिळाला तरी जिने असतात. बुधवारी दुपारी काम संपल्यावर बाईंनी मावशींना रिक्षात घातलं, भाच्याला खोलीवर यायचा निरोप धाडला, आणि तीन मजले चढल्या. दोघी चढल्या म्हणण्यापेक्षा कठड्याने त्यांना वर ओढून नेलं. दुसऱ्या मजल्यावर थांबून दोघींनी दम खाल्ला. "तुमचाही पाय गेलाय का?" मावशींनी आपुलकीने विचारलं.

कुलूप मावशींनी स्वतः उघडलं, कडी कोपराने ढकलली. आत दहा-बारा खोकी रचलेली होती. भाचा ओशाळला. आमच्याकडे चौघं जण एका खोलीत राहतो म्हणून सामान इथे आणलं, मावशी आता येत नाही असंच सगळे म्हणत होते, आणि तिच्यासाठी माणूस ठेवायची माझी ऐपत नाही, असं तो बाईंना हळूच सांगू लागला. माणूस वाईट नव्हता, नुसता दमलेला होता. बाईंना ते ओळखू आलं.

"आधी ती खोकी माझ्या ओट्यावरून उचल," मावशी म्हणाल्या. हा आवाज बाईंनी रुग्णालयात ऐकलाच नव्हता. "आणि बाईंना बसायला दे."

बाई दाराशीच उभ्या होत्या. कुणी बसा म्हणेपर्यंत बसावं की नाही, हे त्यांना कळलं नव्हतं. मावशींनी तीन कप मोजून पाणी घेतलं, मांडीने खालचं फडताळ लोटलं, दुधाची पिशवी दातांनी फाडली. काडी पेटत नव्हती, तेव्हा काडेपेटी डब्याखाली दाबून त्यांनी काडी ओढली. हे सगळं शिकवायला बाईंच्या विभागात तीन आठवडे लागले असते. मदत करावी म्हणून बाई पुढे झाल्या आणि त्यांनी साखरेच्या डब्याकडे हात नेला.

"बसा," मावशी मागे न बघता म्हणाल्या. "माझ्या ओट्याला कुणी हात लावलेला मला चालत नाही."

बाई बसल्या. चहा अकरा मिनिटांत झाला. साखर जरा जास्त होती. तिथे बसूनच त्यांनी नवा फॉर्म भरला, आणि शेऱ्याच्या जागी पांढऱ्यावर काळं केलं: सोमवारची चाचणी चुकली, चूक रुग्णाची नसून माझी आहे. सव्वीस वर्षांत असं वाक्य त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

गुरुवारी समितीत साहेबांनी बराच वेळ नियमपुस्तक चाळलं. घरभेट नको असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून नाइलाजाने त्यांनी सही केली. सोबत बाईंना एक कडक पत्रही मिळालं. निवृत्तीला सात महिने उरलेल्या बाईला पत्र म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मावशी खोलीवर गेल्या. भाच्याने खोकी उचलली, पण निम्मीच. उरलेल्यांवर मावशी चादर घालून बसायला लागल्या, असं नंतर कळलं.

बाईंना हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. शुक्रवारी दुपारी त्यांनी कपाटातले जुने फॉर्म काढले. पहिल्या रकान्यात शून्य असलेले बाजूला ठेवता ठेवता ढीग टेबलाच्या कडेपर्यंत आला. स्वयंपाकीण, हमाल, दाई, बागकाम करणारा. खरोखरच मेंदूला मार बसलेले यांत कितीतरी असतील, हे त्यांना माहीत होतं. कोण तसे आणि कोण नाहीत, हे मात्र फॉर्मवरून आता कुणालाच सांगता आलं नसतं. थकवा तर रोजचाच होता, पण हा वेगळा होता. तो बसल्याने जाणार नव्हता.

सगळ्यात वर इस्त्रीवाल्या आजींचा फॉर्म होता. बाईंनी आश्रयगृहाला फोन लावला आणि त्या कशा आहेत, असं विचारलं.

"त्या होय?" पलीकडची अधीक्षिका खुशीत म्हणाली. "आमच्याकडच्या सगळ्यात गुणी. चार वर्षांत एकदासुद्धा त्रास नाही. सांगितल्याशिवाय पाण्याचा पेलाही उचलत नाहीत."

बाईंनी भेटायची वेळ विचारली. रविवारी दहा ते बारा, असं सांगून अधीक्षिकेने वही ओढल्याचा आवाज आला.

"नाव लिहून ठेवते. तुम्ही कोण लागता त्यांच्या?"

"मी त्यांचा फॉर्म भरला होता," त्या म्हणाल्या.