माझ्या पोटातली नाचणी

मित्रांनो, मी एक जुना टब आहे. आंघोळीचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं बोलता येईल. मी ओतीव लोखंडाचा आहे, आतून पांढरा मुलामा आणि खाली सिंहाच्या पंजांसारखे पाय. दिसायला राजबिंडा, पण नशीब मात्र हमालाचं. मी कधी कोणाकडे गेलो नाही, मला नेहमी कोणी ना कोणी उचलूनच नेलं, आणि नेताना शिव्या मात्र मलाच दिल्या.

माझा जन्म हावड्याच्या एका भट्टीत झाला. थंड होतो न होतो तोच मला पेंढ्यात गुंडाळून काठमांडूच्या एका राणासाहेबांकडे धाडलं. त्या काळी तिकडे गाडीरस्ता नव्हता. भरियांनी, म्हणजे तिकडच्या हमालांनी, कपाळाला पट्टा लावून, पाठी वाकवून मला डोंगरावरून नेलं. एवढं करून राणासाहेबांनी माझ्यात एकदा आंघोळ केली आणि त्यांना सर्दी झाली. दोष कोणाला? मला! लगेच माझी रवानगी परसात. तिथे माझ्यात मासे पाळले, पुढे कबुतरांना पाणी ठेवलं आणि शेवटी कोथिंबीर पेरली. अहो, सिंहाचे पाय असलेल्या टबात कोथिंबीर! मी काय बोलणार? मला तोंड आहे ते वरच्या बाजूला, आणि ते सदा उघडंच.

पुढे राणासाहेबांच्या पणतवंडांनी वाडा विकला आणि मला पर्यटनाच्या एका कंपनीने उचललं. श्रीमंत पाहुण्यांना पशुपतीची देवळं, हिमालय आणि तराईतल्या जंगलातले गेंडे असं सगळं पाच दिवसांत दाखवायचं, आणि बुटाला धूळ लागू द्यायची नाही, असा हिचा धंदा. पोखऱ्याच्या वर, गुरुङ जमातीच्या एका गावात कंपनीने जसमती नावाच्या बाईचं घर निवडलं आणि दारावर आपली पाटी ठोकली. वरच्या मजल्यावर मऊ गाद्या टाकल्या, आणि खाली, जिथे तिची बकरी बांधायची जागा होती, तिथे अन्नपूर्णेच्या शिखराकडे तोंड करून मोठ्या काचेचं न्हाणीघर बांधलं. त्यात मी. 'राजाच्या टबात, हिमशिखरासमोर स्नान' असं म्हणे जाहिरातीत छापलं होतं. पाहुणे हेलिकॉप्टरने यायचे. मी मात्र पुन्हा पाठीवरूनच आलो.

जसमतीचा नवरा रनधोज आणि ती, दोघं मिळून धाऱ्यावरून, म्हणजे डोंगरातल्या झऱ्यावरून, पाणी आणायचे, चुलीवर तापवायचे आणि माझ्यात ओतायचे. पाहुणे यायचे, लालीगुराँसच्या पाकळ्या टाकायचे, फोटो काढायचे आणि पाणी गार व्हायच्या आत निघून जायचे. पाकळ्या माझ्या नळीत अडकायच्या त्या अडकायच्याच. माझं कौतुकही खूप झालं, नाही असं नाही. 'किती सुंदर टब!' असं मी किती भाषांतून ऐकलं आहे. पण ज्याने काल पाठीवर पाणी वाहिलं त्या रनधोजला कोणी 'जेवलास का' असंही विचारलं नाही. माझं पित्त खवळायचं, पण लोखंडाचं पित्त कोणाला दिसतं?

मग रनधोज गेला. छातीत दुखलं म्हणून चुलीपाशी बसला तो उठलाच नाही.

आता इथली रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गुरुङांमध्ये माणूस मेला की संपलं असं नसतं. त्याचं अर्घौं करावं लागतं. तीन दिवस ढोल, लामांचं पठण, बांबूची आकृती करून तिला मेलेल्याचे कपडे, आणि शेवटी लामा त्याला गाव-खिंडींची नावं घेत घेत पूर्वजांच्या ठिकाणी पोचवतो. तोवर तो घरातच घुटमळत राहतो, सगळं ऐकत. ऐपत जमेपर्यंत घरचे थांबतात, आणि तोवर बायको ना फूल माळते, ना गाणं म्हणते. जसमती दोन वर्षं थांबली. लामाने माघातला दिवस काढून दिला. हा चुकला तर वर्षभर दुसरा नाही, असंही सांगितलं.

अर्घौंला आलेल्या प्रत्येकाला जाँड, म्हणजे नाचणीची घरगुती दारू, द्यावी लागते. नाचणी शिजवायची, खमीर लावायचं, उबेला ठेवायची आणि आंबली की पाणी घालायचं. पहिला वाडगा मेलेल्यापुढे. आणि नेमका जसमतीचा मोठा रांजण थंडीने तडकला.

"आता गं?" तिने कपाळावर हात मारून घेतला.

तिची नणंद चिजमाया लग्न न करता भावाच्याच घरी राहिलेली. जीभ कात्रीसारखी. ती वहिनीला म्हणाली, "भाउजू, एवढा मोठा रांजण घरात उताणा पडलाय, तो दिसत नाही का तुला?"

"तो कंपनीचा आहे."

"कंपनी माघात येते का? आणि उन्हं कुठे असतात दिवसभर? त्या काचेतच ना? गोऱ्यांची अंगं शेकतात तिथे आपली नाचणी नाही शेकणार?"

झालं! मला राखेने घासलं, उकळत्या पाण्याने विसळलं, आणि माझ्यात गरम नाचणी ओतली. वर उंबराची पानं आणि त्यावर रनधोजची जुनी घोंगडी. मला विचारलं का? नाही. पण खरं सांगू? गंमतच वाटली. आतून ऊब यायला लागली, बुडबुडे यायला लागले. या घरात पहिल्यांदाच माझ्यात काहीतरी मुक्कामाला राहिलं होतं. चिजमाया रोज येऊन कान लावायची आणि सांगायची, "बोलतेय गं, बोलतेय."

अर्घौंच्या आदल्या दिवशी त्यांनी पाणी घातलं. जाँड अशी काही जमली होती की दारापर्यंत वास. आणि तेवढ्यात बाहेर तो फडफडाट झाला. कंपनीचा माणूस निरोज आला होता, काठमांडूहून, सोबत एक परदेशी नवरा-बायको. डोंगरावर निरोप पोचला नव्हता, पण त्याला त्याचं काय!

तो थेट न्हाणीघरात आला आणि घोंगडी उचलली.

"दिदी! हे काय आहे?"

"जाँड."

"टबात?"

"मग काय, तुमच्या टोपीत करू, भाइ?"

"अहो, मॅडम फक्त या टबासाठी आल्यात! उद्या सकाळी आम्ही गेंडे बघायला जंगलात जाणार. आज संध्याकाळी स्नान, बर्फाचे डोंगर, फोटो. सगळं ठरलेलं आहे. रिकामा करा हा."

"उद्या माझ्या नवऱ्याचं अर्घौं आहे. ही त्याची जाँड आहे. तुमच्या मॅडमला पितळी घंगाळात पाणी काढून देते, अंगणात उन्हात बसू द्या."

"घंगाळात? दिदी, तुम्हाला माझी नोकरी घालवायची आहे का? घर आमच्यामुळे चालतं तुमचं, हे विसरू नका." आणि या शहाण्याने, मित्रांनो, बाही वर करून माझ्या बुचाची साखळी पकडली आणि खस्सकन ओढली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. बुडातून सगळं निघून चाललं! दोन वर्षांची वाट, शेतातली नाचणी, चिजमायाचं कान लावणं, सगळं त्या नळीतून बाहेर भिंतीवरून खाली. मी किती ओरडलो, पण टबाचं ओरडणं कोणाला ऐकू येतं? नुसती गुडगुड होते.

"चिजू! नळी!" जसमती किंचाळली. चिजमाया धावत भिंतीमागे गेली, कमरेचा पटुका सोडून तो नळीत कोंबला आणि वर टाच दाबून उभी राहिली. इकडे जसमतीने खांद्यापर्यंत हात माझ्यात घातला. नाचणीत चाचपत चाचपत तिने बूच शोधलं आणि घट्ट बसवलं. जीव भांड्यात पडला, पण तोवर निम्मं भांडं रिकामं झालं होतं.

तेवढ्यात त्या परदेशी बाई दारात आल्या. आत एक बाई टबात हात घालून वाकलेली, केसांना नाचणी, डोळ्यांत पाणी. त्यांनी निरोजला काहीतरी विचारलं. त्याने सांगितलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. मग त्या हळूच आणखी काहीतरी म्हणाल्या.

आणि बघा हं, आता या निरोजचं तोंड कसं फिरलं! राग कुठच्या कुठे गेला.

"दिदी, ऐका ना! मॅडमना अर्घौं बघायला आवडेल. टब राहू दे! मी अंगणात पुढे दोन खुर्च्या टाकतो. फक्त एक करा, तीन दिवसांचं तेवढं आज उरका. ढोल, ती बांबूची आकृती, शेवटचं नाचणं, एवढंच. आम्हाला सकाळी निघायचंय ना. लामांना मी बोलतो."

मी आयुष्यात खूप मूर्खपणा ऐकला आहे, पण हा सगळ्यांवर कळस होता. जसमतीने पदराला हात पुसले. आतापर्यंत ती त्याला 'तुम्ही' म्हणत होती.

"निरोज, तू नीट ऐक. माझा नवरा तुझ्यासाठी पाणी वाहत होता तेव्हा तुझ्या वेळेने उठत होता आणि तुझ्या वेळेने झोपत होता. आता तो तुझ्या वेळेने जाणार नाही. तो तीन दिवसांनी जाईल, त्याच्या पायांनी, एकेक खिंड चढून. तुझ्या हेलिकॉप्टरमध्ये त्याची जागा नाही आणि माझ्या अंगणात तुझ्या खुर्चीची नाही. तुझी पाटी काढ आणि घेऊन जा."

"दिदी, विचार करून बोला. पुन्हा कोणी येणार नाही इथे."

"नको येऊ दे!" भिंतीमागून चिजमायाचा आवाज आला. तिची टाच अजून नळीवरच होती. "आणि जाताना खालच्या वाटेने जपून जा, जाँड सांडली आहे, पाय घसरून पडलास तर तुझंही अर्घौं आम्हालाच करावं लागेल!"

त्या बाईंना शब्द कळले नसतील, पण बाकी सगळं कळलं. त्यांनी जसमतीपुढे हात जोडले आणि नवऱ्याला घेऊन निमूट बाहेर गेल्या. पुन्हा फडफडाट झाला आणि ते गेंड्यांकडे गेले. बिचारे गेंडे.

जसमती माझ्या काठावर बसली. पाटी गेली म्हणजे पाहुणे गेले, कमाई गेली. आणि जाँड निम्मी. मामेकुळातली माणसं, सासर-माहेरची माणसं, तीन दिवस, अंगणात मावणार नाहीत एवढी येणार. रिकामा वाडगा पुढे करायचा का त्यांच्या? ती रडली नाही, नुसती माझ्यात बघत बसली. मला माझ्याच पोटाची लाज वाटली.

संध्याकाळच्या आत घरोघरच्या बायका आल्या. भिंतीवरून ओघळलेली जाँड सगळ्या गावाने पाहिली होती, वेगळं सांगायला नको. कोणाच्या हातात तांब्या, कोणाच्या कळशी, एका म्हातारीकडे नुसती किटली. कोणाची जाँड आंबट, कोणाची गोड, कोणाची अर्धी कच्ची. चिजमाया प्रत्येकीची चाखून नावं ठेवत होती, "ही काय जाँड आहे का ताक?", आणि तरी प्रत्येकीची माझ्यात ओतत होती. मी काठोकाठ भरलो.

तीन दिवस ढोल वाजले. काचेतून मला अंगण दिसत होतं. बांबूच्या आकृतीला रनधोजचा कोट घातला होता आणि डोक्यावर त्याची ढाका टोपी. त्याला पाहुण्यांनी कधी बसायला सांगितलं नव्हतं. आता सगळं गाव त्याच्याभोवती बसलं होतं, आणि पहिला वाडगा त्याचा. कोणाचाही वाडगा रिकामा राहिला नाही. तिसऱ्या दिवशी लामाने त्याला ओढ्यापलीकडे, खिंडीपलीकडे, पार पूर्वजांच्या गावात नेऊन पोचवलं, आणि ढोल थांबले. मलाही गलबलून आलं, कशाला खोटं बोलू.

दुसऱ्या दिवशी उन्हं आली तेव्हा जसमतीने मला धुतलं, पाणी तापवलं आणि दार लावून ती माझ्यात उतरली. त्या घरातलं कोणी माझ्यात पहिल्यांदाच बसलं होतं. जाँडेचा वास अजून जात नव्हता. तिने समोरच्या डोंगरांकडे पाहिलं, डोक्यावरून पाणी घेतलं आणि गुणगुणायला लागली. मग गुणगुणणं वाढलं, चांगलं गाणं झालं.

बाहेरून चिजमाया सवयीने ओरडली, "हळू गं, भाउजू! दादा ऐकेल!"

आणि गाणं तिथेच तुटलं. ऐकायला तो आता तिथे नव्हता. बराच वेळ बाहेरून चिजमायाच्या हुंदक्यांचा आवाज येत राहिला. जसमतीही रडली, माझ्या पाण्यात. आणि मग तिने तेच गाणं पुन्हा सुरू केलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

मित्रांनो, कंपनीने नंतर गाद्या नेल्या, दिवे नेले. मी जड म्हणून राहिलो. आता गावात कोणाचंही अर्घौं असलं की नाचणी माझ्यातच पडते, आणि एरवी जसमती नि चिजमाया माझ्यात पाय बुडवून भांडत बसतात. माझी तक्रार नाही. विनंती मात्र आहे. जड वस्तू डोंगरावर चढवायच्या आधी डोंगरावरच्या माणसांना विचारा, हवी आहे का म्हणून. आणि वस्तू जपायची म्हणजे ती पाहुण्यांसाठी राखून ठेवायची असं नव्हे. जो पाणी वाहतो त्याला आधी आंघोळ करू द्या. रनधोजला करू दिली नाही कोणी, तो जिवंत होता तेव्हा.