निलंग्याचे अंतर

स्टीलच्या पेल्यात अर्धेच पाणी होते आणि त्या अर्ध्यावर खिडकीतल्या उजेडाची एक चकती हलत होती. सिंधु त्या चकतीकडे पाहत राहिली, कारण समोरच्या काळ्या पडद्यावरचा आकडा आता तिला पाहवत नव्हता. चाळीस मायक्रोसेकंद. काल हाच आकडा तिने समाधानाने वाचला होता; रेल्वेने आलेल्या पाण्यासाठी लागलेल्या रांगेशेजारून घरी जाताना तो एखाद्या चांगल्या बातमीसारखा तिच्या सोबत चालत होता.

मोजणीचे साधन साधे होते. बटणे नाहीत, चित्रे नाहीत. एक ओळ टंकायची — पलीकडच्या यंत्राचा पत्ता, संदेश केवढा, किती वेळा — की लातूरहून निघालेला संदेश निलंग्याच्या यंत्राला शिवून परत येई, आणि त्या येण्याजाण्याच्या निम्मा वेळ पडद्यावर उमटे. टँकर सुटला की निलंग्याच्या केंद्रातून गावोगावच्या फोनवर निरोप जाणार होता. तिने चाचणीवर सही केली की गावागावांत फोन करून टँकरची वर्दी देणारी माणसे कामावरून कमी होणार होती. मग निरोप पोचला नाही तर... तिची गुणामावशी गावाबाहेरच्या वस्तीवरून घागरी घेऊन येईल, तेव्हा टँकर गेलेला असेल आणि रस्त्यावर फक्त ओल उरलेली असेल.

लातूर ते निलंगा तार पन्नास किलोमीटरची तरी असणार. काचेच्या तारेतून उजेड चाळीस मायक्रोसेकंदांत आठ किलोमीटर जातो — शहराची हद्द ओलांडून जेमतेम पहिल्या शिवारापर्यंत. निलंग्याला पोचायला त्यालाही याच्या सहापट वेळ हवा. म्हणजे तिचा संदेश उजेडाच्याही पुढे धावला होता. किंवा — ती हे वाक्य सकाळपासून इथपर्यंत आणून सोडून देत होती — किंवा तो लातूरबाहेर गेलाच नव्हता.

आकडा आवडला की आधी त्याच्यावर संशय घ्यायचा. हे तिला शिकवले ते नांदेडच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, किशनराव सरांनी... लंबकाची तिची सगळी निरीक्षणे एका सरळ रेषेत आली तेव्हा, "एवढं सरळ निसर्ग लिहीत नसतो, बाई," म्हणून तिला पुन्हा प्रयोगाला उभे करणारे; आडनाव ऐकल्यावर ज्यांचा चेहरा बदलला नाही असे तिच्या आयुष्यातले पहिले शिक्षक. कॉलेज सोडून ते या योजनेवर आले आणि त्यांनीच तिला बोलावून घेतले. निलंग्याचे यंत्र बसवायलाही तेच गेले होते. परवा फोनवर त्यांनी सांगितले, बसलं. आणि मी मोजले. जे नव्हतेच ते मी मोजले, आणि खूश झाले.

ती उठली. शेजारच्या सामानाच्या खोलीत कसलीशी बारीक घरघर येत होती. ती कालही येत असणार. टेबलाखाली पोत्याने झाकलेले एक यंत्र होते. वर कागद चिकटवलेला, त्यावर सरांच्या गोल अक्षरात लिहिले होते — निलंगा.

"निलंग्याला हात लावू नका मॅडम, लई तापलंय," दाराशी बसलेला शिपाई पंढरी हसत म्हणाला. "जीप नेली पाण्याचे ड्रम वाह्याला. मग निलंगा जावं कसं निलंग्याला?"

"सर कसे गेले?"

"यष्टीनं. रिकाम्या हातानं. जाताना ह्येला चालू करून गेले. म्हणले, झाकून ठेव, धूळ बसते."

यात कपट कुठून सुरू होते, हे तिला ठरवता येईना. जीप गेली, इथवर तो दुष्काळच होता. यंत्र इथेच जोडले, इथवर नुसती अडचण. कागद खरा होता. एक दिवस यंत्र तिथे जाणारच होते... तिने पंढरीला चहाला पाठवले, यंत्रावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. तिला त्यांना एक संधी द्यायची होती. की स्वतःला?

"सर, निलंग्याचं यंत्र चालू आहे ना?"

पलीकडे थांबणे. "हाव. हितं समोरच हाय की."

"पंख्याचा आवाज येतो का?"

"येतोय. का गं?"

तिने प्लग उपटला. तळहाताखालची थरथर उतरत उतरत थांबली.

"आत्ता, सर? आत्ताही येतो?"

पुन्हा तेच थांबणे — वर्षानुवर्षे जे तिने दुरून येणाऱ्या आवाजाच्या, खराब तारेच्या नावावर लिहिले होते, ते.

"येतोय म्हणलं ना. किती इचारशील? दुपारपर्यंत सही करून टाक, बाई. उदगीर जिल्हा होऊन राहिला, तिथं सगळं नवं लागंल. तुझी बी खुर्ची धरलीय मी. यंत्राचं काय, जाईल."

"जाईल म्हणजे, सर?"

या वेळी थांबणे इतके लांबले की तिने फोन कानापासून दूर करून पाहिला. जोडणी शाबूत होती. त्यांनी काही न बोलता फोन ठेवला तेव्हा तिला जाणवले, की त्या थांबण्यात किलोमीटर कधीच नव्हते. आणि मग मागची सगळीच वर्षे — शाबासकीआधीचे त्यांचे थांबणे, "तू माझी चांगली विद्यार्थिनी" म्हणण्याआधीचे थांबणे — एकेक करून पुन्हा मोजायला तिच्यापुढे येऊन उभी राहिली, आणि त्यांतले कोणते खरे होते हे तपासायला तिच्याकडे त्यांनीच दिलेल्या मोजमापाखेरीज दुसरे काही नव्हते.

ती जागेवर येऊन बसली. पेल्यातली चकती सरकून काठाला लागली होती. तिने तीच ओळ पुन्हा टंकली, तोच पत्ता. पलीकडे कुणी नाही हे तिला ठाऊक होते. तो प्लग तिनेच उपटला होता. तरी पडद्यावरची ती उघडझाप करणारी रेघ पाहताना तिला कळले, की आपण वेगवान उत्तराची वाट पाहत नाही आहोत. तिला हळू उत्तर हवे होते — उशिरा, अडखळत, पन्नास किलोमीटर मातीखालून खरोखर चालत आलेले. आकडा जितका वाईट, तितके तिथे कुणीतरी असणार होते.

रेघ उघडझाप करत राहिली. ती वाट पाहत राहिली.