दुपट्ट्याखालचा हात

सायकलच्या पंपाची नळी, बोटभर कापलेली.

मंडईतली जिलेबी गार होते आहे, कारण खाणारे माना उंचावून भलतीकडे पाहत आहेत.

धानाच्या ढोलीत उंदीर नाही. तरी आत काहीतरी झणकतं.

"पाठ फिरवून कोन वाजवते गा? लगनातली नवरी होय का?"

एका बाईचं माहेर तुमसरचं आहे.

थांबा मित्रांनो, पुढे येऊ नका. आधी हात दाखवा. तुमच्यातल्या एकाच्या बोटांना चिंच लागली आहे, मला वास आला. हात पाठीमागे ठेवा आणि तिथूनच ऐका. मी गिटार आहे. वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीची, पोटावर चीर गेलेली, निम्म्या तारा गेलेली. आंबागडच्या या सपरीत, म्हणजे पडवीत, खुंटीला टांगलेली असते. माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही, आणि त्याला कारणं आहेत.

जन्म कलकत्त्याचा. ज्या कारागिराने माझं पोट घासून गुळगुळीत केलं, तो शेजारच्या कारागिराकडे पाठ करून बसायचा. पॉलिशमध्ये काय कालवतो ते त्याला दिसू नये म्हणून. म्हणजे माझ्या लाकडात पॉलिशच्या आधी संशय मुरला.

तिथून मी आंबागडजवळच्या मँगनीजच्या खाणीवर, एका साहेबाच्या बंगल्यात आले. साहेबाला वाजवता येत नव्हतं. तो मला भिंतीला टांगून चावीचा ग्रामोफोन ऐकायचा. त्याच्याकडे सातासमुद्रापलीकडच्या एका गवयाची तबकडी होती. गवई एकटाच, हातात गिटार, आणि गाणं असं की दुखऱ्या दाढेने माणूस बोलतो आहे. याला ब्लूज म्हणतात, असं साहेब आल्यागेल्याला सांगायचा. बंगल्याचं कुंपण बांधायला आंबागडचा खेमराज यायचा. काम संपलं तरी खिडकीखाली बसून राहायचा. साहेबाला वाटे, हा चोरीचा बेत करतो आहे. एका अर्थी करतच होता.

त्या यंत्राची स्प्रिंग थकली होती. गाणं संपत आलं की तबकडी मंदावायची, आणि गवयाचा आवाज आणि गिटारचा सूर दोन्ही हळूहळू खाली जायचे, विहिरीत घागर बुडावी तसे. खेमराजला वाटलं, तिकडे असंच गातात. दुःख शेवटी असंच उतरत असेल. मला शंका होती. पण भिंतीवरच्या गिटारला कोण विचारतो?

साहेबाची बदली झाली. १९७२ साली मी खेमराजच्या घरी आले. त्याने बोटं सोलून घेतली, पण तो घसरणारा सूर काही सापडेना. मग एक दिवस पंपाची नळी कापून त्याने डाव्या करंगळीत घातली आणि माझ्या तारेवरून सरकवली. सूर रडला. मग खाली खाली गेला. खेमराजने डोळे मिटले. त्याची बायको चंद्रकांता बाजूला तांदूळ निवडत होती, तिचं सूप थांबलं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. भरदुपारी दंडारी, म्हणजे लोकनाट्याचे फड, नाचतात, गातात. यादोराव नावाच्या शेतकऱ्याची एक दंडार होती, त्यात खेमराज मला घेऊन बसला. गाणं संपताना त्याने तो सूर उतरवला आणि जिलेबी खाणारे खायचे थांबले. लोक त्याला 'खेमराजचा उतार' म्हणू लागले. पेटीवाले उतार घेऊ लागले. लग्नाच्या बँडवाल्यांनी गाण्याच्या शेवटी उतार लावला, अगदी नवरदेव घोड्यावरून उतरतानासुद्धा.

इथे कोणीही आनंदला असता. खेमराज मात्र घाबरला. त्याला वाटलं, जो तो माझ्या हाताकडे पाहतो आहे. त्याने खांद्यावरचा दुपट्टा डाव्या हातावर टाकला आणि लोकांकडे पाठ करून वाजवू लागला. नवरीचा तो टोमणा यादोरावांचा. खेमराज म्हणाला, "पाहा लागत नाही जी. आयका लागते." घरी तो मला धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, लपवू लागला. भुसा माझ्या पोटात गेला. कौतुकाचे दिवस म्हणतात ते हे, मित्रांनो.

मग बातमी आली. तुमसरला राईस मिलचा हमाल सुखराम हुबेहूब तोच उतार वाजवतो. चंद्रकांताचं माहेर तुमसरचं. खेमराज तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुमसरले कोनाले सांगतलंस वो?"

"काय सांगू जी? का आमचे हे पंपाची नळी बोटात घालून रडतेत, असं?"

"पाय, तुले मालूम हाय ना नळीचं."

"घरात राहातो मी. डोळे का ढोलीत ठेवू?"

"यंदा भाऊबीजेले जाचं नाही."

"भावाले काय सांगू मंग?"

"सांग, काम हाय."

"काम कवा नाही रायलं बाईले? थे का कारन होय?"

ती गेली नाही. पुढच्या वर्षीही नाही. खरं सांगायचं तर मलाही तिचा संशय यायचा. ती धान काढायला ढोलीत वाकली की मी तारा आवळून गप्प बसायचे. ती मात्र माझ्यावरचा भुसा पदराने झटकायची. मला वाटे, काहीतरी शोधते आहे.

शेवटी १९७९ च्या दिवाळीनंतर खेमराजने मला पोत्यात घातलं आणि तुमसरकडच्या मंडईत गेला. चोर पकडायला. तिथे सुखराम बसला होता, लोकांकडे पाठ करून, हातावर लाल दुपट्टा. त्याच्या शेजारी आणखी एक गिटारवाला, त्याचीही पाठ, त्याच्याही हातावर फडकं.

"हात कायले झाकलास गा?" खेमराजने विचारलं.

"दुपट्टा लागतेच ना दादा. त्याच्याबिगर उतार येत नाही."

"कोनं सांगतलं?"

"आंबागडचे खेमराज झाकतेत. दुरून पायलं मी. देवाचं काही असन बावा, आपन कायले इचारा?"

"काढ थो दुपट्टा."

"तुमी कोन?"

खेमराजने दुपट्टा ओढला. खाली नळी नव्हती. सुखराम तार छेडायचा आणि डाव्या हाताने माथ्याकडची खुंटी हळूच सैल करायचा. सूर आपोआप खाली जायचा. नळीचं त्याने नावही ऐकलं नव्हतं. जे दिसलं तेवढंच त्याने उचललं होतं, आणि दिसला होता फक्त दुपट्टा.

"आंबागडची चंद्रकांता मालूम हाय तुले? इथचीच लेक हाय."

"कोन चंद्रकांता?" सुखराम म्हणाला. "दुपट्टा द्या ना जी, लोकं थांबले हायेत."

परतीच्या वाटेवर खेमराज एका मोहाच्या झाडाखाली बसला. मला पोत्यातून काढलं, तार छेडली आणि माझी खुंटी सैल करून पाहिली. पहिल्या झटक्यात जमलं. आता चोर कोण, ते तुम्हीच ठरवा.

घरी येऊन तो म्हणाला, "येत्या भाऊबीजेले जाय तुमसरले."

"भावानं बोलावनं धाडनं सोडलं जी," चंद्रकांता म्हणाली.

त्याने मला पोत्यातून बाहेर काढलं. मग दुपट्टा न घेता तिच्याकडे तोंड करून बसला आणि वाजवू लागला. ती चुलीकडे वळलेलीच होती, वळलेलीच राहिली.

"इकडं पाय ना."

"पाठ करून आयकाची सवय तुमीच लावली," ती म्हणाली. "वाजवा. आयकून रायली मी."

खेमराज १९८६ साली गेला. दुपट्टा मात्र अजून आहे. आमच्या भागात उतार घेताना वाजवणारे हात झाकतात आणि पोरांना सांगतात, ही जुनी रीत आहे.

मित्रांनो, घरात एखादं वाद्य असेल तर वाजवून झाल्यावर त्याच्या तारा सैल करा. धुळीपासून ते जरूर झाकून ठेवा. घरच्या माणसांपासून झाकू नका. त्यातला सूर तसाही भिंतीपलीकडे जातो, आणि घरात उरतो तो फक्त संशय. माझं ऐका. किंवा ऐकू नका. तुम्ही खरंच ऐकत आहात याचीही मला खात्री नाही.

बदलीच्या वेळी साहेबाच्या बंगल्यावर जाऊन मला मागितलं होतं ते चंद्रकांताने, आणि सरपणाच्या भाऱ्यावर आडवी बांधून, डोक्यावरून आंबागडला आणलंही तिनेच.