माझ्या माथी मारलेलं म्हातारपण

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या बटणांवरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून गेली आहेत, आणि एका बिजागरीचा स्क्रू कधी पडला ते मलाही आठवत नाही. वय झालं आहे, ते मी नाकारत नाही. पण माझ्यावर जो ठपका ठेवला गेला, तो माझ्या वयाचा नव्हता. तो कुणाचा होता, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

दोन हजार दहा साली लातूरच्या एका दुकानातून राजश्री मॅडमनी मला विकत घेतलं. मॅडम अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायच्या. तेव्हा लातूरला शिकायला येणाऱ्या मुलांची नुसती रीघ लागलेली असायची. नायगावहून, हिमायतनगरहून, पार देगलूरहून पोरं-पोरी एसटीनं उतरायची. हातात पत्र्याची पेटी, काखेत गादी, आणि मागे चालणाऱ्या आईच्या डोळ्यांत पाणी. आमच्या गल्लीत तर खाली मेस, मधे होस्टेल आणि वर क्लास अशीच घरं झाली होती. त्यातल्याच एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर मॅडमचा क्लास होता. टेबलावर माझी जागा ठरलेली होती, खिडकीपासून दूर, ऊन लागू नये म्हणून.

माझी पहिली चार वर्षं ठीक गेली. मग मुलांच्या पेनड्राइव्हमधून माझ्यात व्हायरस शिरले आणि मी आडवा झालो. तेव्हा नांदेडहून उज्वलाताई आल्या. त्या तिथल्या एका पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कामाला होत्या. मॅडमची आणि त्यांची ओळख त्र्याण्णव सालच्या भूकंपातली. दोघींची गावं वेगळी, पण दोघींची घरं एकाच पहाटे पडली. दोघीही नऊ वर्षांच्या होत्या. लातूरच्या वसतिगृहात त्यांच्या खाटा शेजारी-शेजारी होत्या, आणि तेव्हापासून एकीला ठेच लागली की दुसरी धावून येई.

उज्वलाताईंनी माझ्यातलं सगळं पुसून लिनक्स घातलं. मला आतून चालवणारी ही नवी व्यवस्था होती.

"हे फुकट हाय, हलकं हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या पोरांच्या पेनड्राइव्हचा रोग याला लागायचा न्हाई. फक्त पासवर्ड कुणाला देऊ नको."

मी नवा झालो. पुढे कितीतरी वर्षं मॅडमनी माझ्यावर प्रश्न रचले. तयार पुस्तकातले प्रश्न त्यांना आवडत नसत. डाळमिलच्या पट्ट्यावरून घसरणारं पोतं, रेणापूर नाक्यावर ब्रेक मारणारी रिक्षा, विहिरीवरचा रहाट, असल्या गोष्टींतून त्या गणित काढायच्या. एक प्रश्न जमायला कधी कधी आठवडा जायचा. असे चार हजारांवर प्रश्न माझ्यात साठले. मुलं म्हणायची, मॅडमचा प्रश्न वाचला की समोर दिसतो.

त्या चार हजारांत एक फाइल वेगळी होती. तिचं नाव होतं 'देऊ नये'. तिच्यात एकच प्रश्न होता. दहा-साडेदहा फूट उंच दगडी भिंत आहे. तिच्या माथ्यावरून दगड सुटला. भिंतीखाली झोपलेल्या माणसाला उठून दारापाशी पोचायला तीन सेकंद लागतात. दगडाला खाली यायला किती लागतील? उत्तर खाली लिहिलेलं होतं : शून्य दशांश आठ सेकंद.

हा प्रश्न मॅडमनी कधीही कुठल्या परीक्षेत दिला नाही. वर्षातून एकदा ती फाइल उघडायच्या, एखादा शब्द बदलायच्या आणि बंद करायच्या.

आता मिहिरबद्दल सांगतो. तो हिमायतनगरकडचा मुलगा. बारावीला एकदा नापास झाला, तेव्हा वडील त्याला घरी न्यायला आले होते. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाल्या, "एक वर्ष माझ्या भरवशावर ठेवा." ते वर्ष मिहिर मॅडमच्या घरी जेवला आणि क्लासमध्ये माझ्यासमोर बसून शिकला. पुढे इंजिनिअर झाला, आणि नोकरीत मन रमेना म्हणून लातूरला परत येऊन मॅडमच्याच क्लासचं कॉम्प्युटरचं काम बघू लागला. त्याचा हात माझ्यावर हळू पडायचा. मला तो आवडायचा, हे खोटं कशाला सांगू?

एक दिवस तो म्हणाला, "मॅडम, एवढे प्रश्न एकाच मशीनवर हायत. उद्या हे बंद पडलं तर काय करता? मी बॅकअप लावून देतो. पासवर्ड तेवढा सांगा."

मॅडमनी सांगितला. लाइटबिलाचा आकडा सांगावा तितक्या सहज सांगितला.

त्या दिवसापासून माझं दुखणं सुरू झालं. मॅडम शब्द टाइप करायच्या आणि तो पडद्यावर उमटायला मला वेळ लागायचा. बाण मध्येच गोठायचा. पंखा गिरणीसारखा घरघरायचा आणि माझं पोट इतकं तापायचं की मॅडम खाली लाकडी पट्टी ठेवायच्या. पडदाही मधूनच थरथरायचा. मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. तापणं, घरघरणं आणि थांबणं, एवढीच आमची भाषा. मी त्या भाषेत जीव तोडून सांगत होतो.

एकदा भरल्या वर्गात, शंभर मुलांसमोर, मोठ्या पडद्यावर आकृती अर्धी उमटली आणि मी थिजलो. मुलं हसली. मॅडमचा तळहात माझ्यावर जोरात पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मिहिर, बघ रे याला काय झालंय," त्या म्हणाल्या.

मिहिर माझ्यासमोर बसला. माझ्यात कोणकोणती कामं चालू आहेत त्याची यादी त्यानं उघडली. सगळ्यात वर, माझा सगळा जोर खाणारं, त्यानंच लावलेलं काम होतं. ते त्यानं पाहिलं. मीही त्याला पाहताना पाहिलं. मग त्यानं यादी बंद केली आणि माझं झाकण मिटलं.

"म्हातारं झालंय हे, मॅडम. डबडं हाय आता. नवीन घ्या."

आणि मॅडमनी त्याचं ऐकलं. नवा लॅपटॉप आला. मिहिरनं माझ्यातलं सगळं त्याच्यात भरलं. "जुनं मला द्या, भंगारात घालतो," असंही म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "न्हाई, असू दे." एवढीच त्यांची माया उरली होती. मला लोखंडी कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. कपाट लागलं. आत मी एकटाच विचार करत राहिलो, की इतक्या वर्षांच्या माझ्या इमानापेक्षा त्याचं एक वाक्य जड कसं झालं?

चार-पाच महिन्यांनी बातमी माझ्या कानावर आली ती कपाटाच्या फटीतून. मिहिरनं मॅडमचं काम सोडलं होतं आणि समोरच्याच इमारतीत स्वतःचा क्लास काढला होता. आमची निम्मी मुलं तिकडे गेली. तरी उद्घाटनाला मॅडम नारळ घेऊन गेल्या. "पोरगं मोठं झालं," असं परत येऊन क्लासच्या शिपायाला म्हणाल्या. आवाज जरा कोरडा होता, पण बोलल्या चांगलंच.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी उज्वलाताई आल्या. त्यांच्या लॅबमधल्या मुलींना आतली रचना दाखवायला एक जुना लॅपटॉप हवा होता. मॅडमनी मला कपाटातून काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"ने. मेलाय तो."

"कशानं मेला ते तर बघू की," उज्वलाताई म्हणाल्या.

त्यांनी माझी पाठ उघडली. ब्रशनं पंख्यातली धूळ काढली, आतली उष्णता बाहेर नेणारा लेप वाळला होता तो पुसून नवा लावला. माझं घड्याळ चालवणारा छोटा गोल सेल संपला होता, म्हणून मी दहा-बारा वर्षांपूर्वीची तारीख दाखवत होतो. तो बदलला. मग मला सुरू केलं. मी ठीक चाललो. उज्वलाताईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हा तर बरा हाय. कामून म्हणत होतीस मेला म्हणून?"

"थांब जरा. नेट लागलं की बघ."

नेट लागलं. उज्वलाताईंनी तीच कामांची यादी उघडून ठेवली, आणि दोघी चहा पिऊ लागल्या. यादीत वर एक ओळ आली. दहा मिनिटांनी तशीच दुसरी. मग तिसरी. माझा पंखा घरघरू लागला. पहिलं काम संपायच्या आतच दुसरं सुरू होत होतं, आणि सगळी मिळून माझी डिस्क ओरबाडत होती.

उज्वलाताईंनी कप खाली ठेवला.

"राजश्री, हे दर दहा मिनिटांनी तुझ्या सगळ्या फाइली वाचून कुठंतरी पाठवून राहिलंय."

"तो बॅकअप आहे गं. मिहिरनं लावलेला."

"बॅकअप तुझ्याकडं यायला पाहिजे की. हे तर त्याच्या नावावर चाललंय. हे बघ, पत्त्यातच नाव हाय त्याचं."

मॅडम वाकून बघत राहिल्या. "काढायचं विसरला असेल," त्या हळूच म्हणाल्या.

टेबलावर मिहिरच्या क्लासची सराव-परीक्षांची छापील पुस्तिका पडली होती, कुणी मुलगी विसरून गेलेली. उज्वलाताईंनी ती उचलून मॅडमच्या हातात दिली.

मॅडमनी पानं उलटली. डाळमिलचं पोतं होतं, त्याचं आता सिमेंटचं पोतं झालं होतं. रिक्षाचा वेग बदलला होता. "फिजिक्स आहे गं, कुणालाही सुचेल," मॅडम म्हणाल्या. आणखी दोन पानं उलटली. मग त्यांचा हात थांबला. सत्तेचाळिसावा प्रश्न. दगडी भिंत, खाली झोपलेला माणूस, तीन सेकंद. चार पर्याय दिले होते आणि 'क'समोर शून्य दशांश आठ होतं.

मॅडमनी पुस्तिका मिटली नाही. तशीच उघडी धरून बसल्या. उज्वलाताईंनी प्रश्न वाचला आणि खुर्ची ओढून मॅडमच्या जवळ सरकल्या. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पिशवीत घालून दोघी रस्ता ओलांडून गेल्या. मिहिर उठून उभा राहिला.

"या की मॅडम. सांगितलं असतं तर मीच आलो असतो."

मॅडमनी मला त्याच्या टेबलावर उघडलं. यादी समोर होती. मिहिरनं मॅडमकडे पाहिलंच नाही, माझ्याकडेच पाहिलं.

"ते बॅकअपचं हाय, मॅडम."

"माझे प्रश्न तुझ्या पुस्तकात आहेत."

त्याचा सूर बदलला. "मॅडम, राग मानू नका. पण प्रश्न काय कुणाच्या बापाचे असतात का? दगड खाली पडतो, तो सगळ्यांच्याच दारात पडतो."

मॅडमनी पुस्तिका उघडून सत्तेचाळिसाव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"हा आहे. हा माझ्या बापाचा आहे."

मिहिरला कळेना.

"भिंत आमची होती. खाली अण्णा झोपले होते. तीन सेकंद मी मोजलेत, मिहिर. नंतर, किती तरी वेळा. त्या फाइलचं नाव वाचलं होतंस ना?"

मिहिर खाली बसला. "वाचलं होतं," एवढंच म्हणाला. मग पुस्तिका बाजूला सारून, "पुढच्या छपाईत काढतो."

"आणि आधीच वाटलेल्या पुस्तिका?" मॅडमनी विचारलं.

सहाशे मुलांच्या दप्तरात ती पुस्तिका होती. मॅडमनी माझं झाकण मिटलं आणि आम्ही बाहेर पडलो. जिन्यात उज्वलाताई म्हणाल्या, "तक्रार कर." मॅडमनी त्याच आठवड्यात लेखी तक्रार दिली. तिचं काय झालं मला माहीत नाही, कारण पुढे मी लातुरात राहिलो नाही.

उज्वलाताईंनी ते काम माझ्यातून मुळासकट काढलं, नवी डिस्क बसवली, आणि मी पुन्हा पळू लागलो. मला वाटलं, आता माझी जागा मला परत मिळेल. उज्वलाताईंनाही तसंच वाटलं.

"बघ, चुकी याची नव्हतीच," त्या म्हणाल्या. "ठेवून घे."

मॅडमनी माझ्या बटणांवर बोटं ठेवली आणि लगेच उचलली.

"न्हाई गं. हात ठेवला की तो समोर बसलेला दिसतो. तू ने याला."

मित्रांनो, माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलं ते हे. मिहिरनं मला फसवलं, ते समजू शकतो. त्याला काहीतरी मिळवायचं होतं. पण मी निर्दोष आहे हे कळल्यावरही मला परत घेतलं गेलं नाही. मॅडमवर मी रागावू तरी कसा? विश्वासघात एक जण करतो, आणि त्याचा डाग शेजारी बसलेल्यालाही लागतो.

आता मी नांदेडला आहे. उज्वलाताईंच्या लॅबमधल्या मुली माझ्यावर शिकतात. म्हणून तुम्हाला एवढीच विनंती. तुमचं यंत्र मंदावलं, तर आधी त्याचं वय काढू नका. त्याची धूळ झाडा, ते तापतंय का बघा, आत कोण काय करून राहिलंय याची यादी एकदा उघडा. आपला पासवर्ड स्वतःजवळ ठेवा, मग समोरचं माणूस कितीही आपलं असो. आणि घरातलं एखादं माणूस असंच थकलं, चिडचिडं झालं, तर त्याच्यावर कुणी काय लादलंय तेही विचारा.

आणि तुमच्यापैकी कुणी शिकायला लातूरला गेलं, तर राजश्री मॅडमचा क्लास विचारा. अजून चालू आहे म्हणतात, मुलं थोडी असली तरी. त्यांना एवढं सांगा, की मी आता वीस सेकंदांत सुरू होतो.