एनॉकची हाळी

शनिवारी दुपारी कापूस तोलून झाला आणि यझू नदीकाठची सगळी काळी मंडळी हॅटीच्या अंगणात मासे खायला जमली. पाहुणा म्हणून आलेल्या लुशियसने हॅटीच्या झाडूला गुंडाळलेली तार सोडवली, दोन खिळे ठोकून भिंतीवर ताणली आणि तिच्यावर बाटली घासत गायला लागला. पुढे लोक असल्या गाण्याला ब्लूज म्हणू लागले. त्या दिवशी हॅटी त्याला 'माझ्या झाडूचं वाटोळं' म्हणत होती.

जमलेल्यांतली म्हातारी ड्रुसिला पोट धरून हसत होती. तेवढ्यात लुशियसने तोंड वर करून एक लांब सूर सोडला, मध्येच मोडला, पुन्हा चढवला. ड्रुसिलाचं हसू थांबलं. ती एनॉकची हाळी होती, तिच्या थोरल्या भावाची!

गुलामीत माणसाचं स्वतःचं असं काही नसे. अंगावरची कातडीसुद्धा मालकाची. पण कापसाच्या शेतात प्रत्येकाची हाळी, म्हणजे काम करताना लांब सुरात घातलेली साद, वेगळी आणि ती फक्त त्याचीच. दुसऱ्याची दिली की मारामारी ठरलेली. एनॉकला विकलं तेव्हा गाडी वळणाआड गेल्यावरही त्याची हाळी ऐकू येत होती. गुलामी संपल्यावर ड्रुसिलाने चर्चमागून चर्च पालथं घालून तिथं येणाऱ्या माणसांकडे चौकशी केली, पण भावाचा पत्ता लागला नाही.

ती तरातरा गेली आणि लुशियसच्या हातातली बाटली हिसकावली.

"कुणाची चोरलीस रे मेल्या?"

"बाटली माझीच आहे, मावशी."

"हाळी! हाळी कुणाची?"

लुशियस ओशाळला. "नदीला बांध घालतायत ना, तिथं एक म्हातारा खेचरं हाकतो. गाण्यात फार झकास बसते हो! त्याला सांगू नका, चामडी लोळवेल माझी."

"नाव काय त्याचं?"

"नाव कोण विचारतंय! आम्ही खवीस म्हणतो."

"गाडी जुंप. आत्ताच्या आत्ता."

"अहो, मासे तरी..."

"मासे गेले चुलीत!"

बांधावर धुरळा, खेचरं आणि माणसंच माणसं. ड्रुसिला एकेका म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत फिरली. इतक्या वर्षांनी चेहरा ओळखायचा तरी कसा? शेवटी तिने अंगातलं सगळं बळ एकवटलं आणि एनॉकची हाळी स्वतःच दिली, आयुष्यात पहिल्यांदा. आवाज फाटला. फावडी थांबली.

खेचरांच्या गर्दीतून कुणीतरी कडाडलं, "कोण आहे रे तो हरामखोर? माझी हाळी कोण देतंय?"

पांढऱ्या केसांचा एक माणूस चाबूक परजत आला आणि समोर बाई बघून थबकला.

"तुझीच आहे," ड्रुसिला म्हणाली. "घे परत. इतकी वर्षं मी सांभाळली."

त्याने चाबूक खाली टाकला आणि जवळ येऊन तिचा चेहरा निरखला.

"ड्रू," तो म्हणाला, "शेवट चुकलीस गं." आणि पोरासारखा रडायला लागला.