डावी पाकळी

‘आजोबा, दोन फासे एकदम टाकले, तर बेरीज सात यायची शक्यता किती?’

‘थांब हां सान्वी, मोटर बंद करून येतो. टाकी भरत आली.’

टाकी भरतेय कसली! पेणकरपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगचा पंप मीच बघतो, त्यामुळे मला पक्कं ठाऊक, की पाणी सकाळी येतं आणि संध्याकाळी पाइपात नुसती हवा असते. पण नातीने गणित घातलं की मला मोटर आठवते. फोन ओट्यावर ठेवायचा, गादीखालून दहावीचं पुस्तक काढायचं आणि बोटाने ओळी शोधायच्या. पुस्तक रद्दीवाल्याकडून आणलेलं, मराठी माध्यमाचं. तिची शाळा इंग्रजी. पण फासा तो फासाच, त्याला सहाच बाजू.

कपडे धुवायच्या साबणाच्या वडीतून मी दोन फासे कापलेत. खिळ्याने टिंबं पाडली. दुपारभर ते टाकत बसतो आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवतो. जिन्यातली पोरं हसतात. म्हणतात, लवूकाका म्हातारपणी जुगार शिकले. हसा म्हणावं.

‘हं, लिही. एक-सहा, दोन-पाच, तीन-चार आणि तेच उलटे. झाले सहा. एकूण छत्तीस. म्हणजे एक छेद सहा.’

‘आजोबा, तुम्ही ना, एकदम भारी आहात. आमच्या क्लासचे सर पण एवढं नीट नाही सांगत.’

‘मग! तुझ्या आजीने काय उगाच सांगितलं होतं?’

आजीने उगाचच सांगितलं होतं. मंदाने जाता जाता नातीला माझा नंबर दिला आणि वर थाप मारली, ‘तुझे आजोबा गणितात पक्के आहेत, अडलं तर त्यांना फोन कर.’ मी दहावीत गणितात दोनदा आपटलेला माणूस. तिसऱ्या खेपेला पस्तीस पडले, ते कसे ते त्या तपासणाऱ्यालाच ठाऊक. पण मंदा काही साधी बाई नव्हती. मी लेकीला फोन करणार नाही, लेक मला करणार नाही आणि ती गेल्यावर या खोलीत मी भिंतींशी बोलत बसेन, हे तिला दिसत होतं.

लेक माझी समिधा. राहते इंद्रलोकला, इथून रिक्षाने वीस मिनिटं. सतरा वर्षं आमचं बोलणं नाही.

सान्वी रोज सातला फोन करते. लिहायला हात मोकळा हवा म्हणून फोन स्पीकरवर ठेवते आणि बसते स्वयंपाकघराच्या दारात. त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. पोळपाट, फोडणी, बांगड्या. एकदा समिधा म्हणाली, ‘सान्वी, तो पंखा बंद कर गं, गॅस विझतोय.’ फोन ठेवल्यावर ते वाक्य मी या रिकाम्या खोलीत दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं. खरं सांगायचं तर संभाव्यतेचं मला काय घेणं? मी फासे शिकलो ते त्या पोळपाटाच्या आवाजासाठी.

आता मुळातलं सांगतो. आम्ही रत्नागिरीकडचे गुरव. गावच्या देवाची पूजा आमच्या घराण्यात पाळीपाळीने येते. कुणाचं काही अडलं की लोक देवाला कौल लावायला येतात. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. त्यापुढे कुणी चकार शब्द काढत नाही.

समिधाने परेशचं नाव घरात काढलं तेव्हा ती बावीस वर्षांची होती. परेश भाईंदरचा गुजराती, वह्या-पेनांचं दुकान. मुलाला नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणून माझं डोकं अजूनच फिरलं. एकुलती एक लेक दुसऱ्या माणसांत, दुसऱ्या भाषेत जाणार आणि माझ्याकडे पाहुण्यासारखी येणार, एवढंच मला दिसत होतं. भाऊबंद काय म्हणतील, ते होतंच. त्या वर्षी पूजेची पाळी माझी होती. मी म्हटलं, देवाला विचारू. ती लगेच हो म्हणाली. तिचा देवावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास.

उजवी पाकळी मी चांगली पाण्यात बुडवून लावली. डावी मात्र आधी पंच्याला पुसली.

दोन श्वास गेले असतील नसतील, डावी खाली आली. समिधा पांढरीफटक पडली. तरी तीन महिन्यांनी तिने लग्न केलंच आणि मी दारात उभा राहून म्हटलं, ‘देवाचं ऐकलं नाहीस, आता ही पायरी चढू नकोस.’ वर देवाचं नाव घेऊन म्हटलं. लाज नाही वाटली मला.

हे कुणालाच कळलं नाही, अशा समजुतीत मी होतो. गेल्या दिवाळीनंतर मंदा हॉस्पिटलात होती. मी मोसंबं सोलत होतो. ती एकदम म्हणाली, ‘पाकळी कोरडी होती.’

मी फोड तशीच हातात धरून बसलो.

‘मी मागंच उभी होते ना. पंच्याला पुसलीत तुम्ही.’

‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?’

‘आज बोलाल, उद्या बोलाल म्हणून थांबले. सांगा तिला. मी नाही सांगणार, ते तुमचं काम आहे.’

मी हो म्हटलं. आठ दिवसांनी ती गेली आणि मी काही सांगितलं नाही. पुढे सान्वीचे फोन सुरू झाले. मग तर तोंडच उघडेना. सांगितलं तर हा अर्धा तासही जाणार. दिवसातल्या त्या अर्ध्या तासावर माझे बाकीचे साडेतेवीस तास निघतात. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती.

बीजगणिताच्या पेपरला आठ दिवस राहिले होते. सान्वी म्हणाली, ‘आजोबा, आज एक माझं गणित. बुकातलं नाही.’

‘घाल की.’

‘तुमच्या गावाला देवाला फुलं लावतात ना, कौल? त्यात दोनच आउटकम. उजवं नाहीतर डावं. म्हणजे प्रॉबॅबिलिटी हाफ. मग ते नाणं उडवल्यासारखंच झालं ना?’

‘हे कुठून काढलंस?’

‘मम्मी.’ तिने आवाज खाली आणला. आत पोळपाट वाजत होता. ‘काल पप्पा म्हणाले, दुकान बंद करावं लागेल, गिऱ्हाईकच नाय येत. तर मम्मी रडायला लागली. म्हणे, माझ्यामुळे होतंय हे, देवाने नको सांगितलेलं. माझ्यानंतरचं बाळ गेलं ना, तेव्हापण असंच म्हणालेली, आजी सांगायची. ती अजून सोमवार करते आजोबा. माफी मागायला.’

सतरा वर्षांचे सोमवार माझ्या डोळ्यांसमोर आले. उपाशी राहून माझी पोर माफी मागत होती, तीही माझ्या पंच्याची.

‘आजोबा? मोटर बघायचीय का?’

‘नाही. आज मोटर नाही. लिही तू. एका गुरवाने देवाला दोन पाकळ्या लावल्या. उजवी ओली. डावी त्याने मुद्दाम पंच्याला पुसून कोरडी केली. तर डावी आधी पडण्याची शक्यता किती?’

‘अहो, कोरडी काय टिकणारे? पडणारच. म्हणजे वन. शुअर इव्हेंट. कुठल्या वर्षीच्या पेपरातलंय हे?’

‘सतरा वर्षांपूर्वीच्या. आता मोठ्याने वाच. आईला ऐकू जाईल असं.’

‘मम्मीला कुठे मॅथ्स येतं?’

‘हे येईल.’

तिने वाचलं. पोरीने शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं. पोळपाट थांबला. नळ चालू होता, तोही बंद झाला. मग पावलं आली आणि फोनमध्ये माझ्या लेकीचा श्वास ऐकू आला, अगदी जवळ.

‘कोणती पाकळी?’

‘डावी,’ मी म्हटलं.

‘कोरडी?’

‘हो. मी पुसली.’

‘म्हणजे देवाने नाही म्हटलंच नव्हतं?’

‘देवाला विचारलंच नव्हतं गं बाय. मीच विचारलं, मीच उत्तर दिलं. तुझं काही चुकलं नाही. बाळाचंही नाही, दुकानाचंही नाही. सोमवार सोड तू. चूक माझी. मला तुला सोडवत नव्हतं.’

ती रडेल, शिव्या देईल, म्हणून मी फोन कानाला घट्ट धरून बसलो. फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. सव्वासात झाले. साडेसातला मी फासे डब्यात टाकले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं आणि मी मोटर लावायचीच विसरलो. दुसऱ्या मजल्यावरची हंसाबेन खाली आली. ‘लवूभाई, तबियत ठीक छे ने? बिल्डिंगमें किसी के घर पानी नहीं है.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं झालं. ‘आँख लग गई,’ म्हटलं. आठ दिवस फोन वाजला तो एकदाच, तोही कुणी लोन हवंय का म्हणून विचारायला. त्या बाईशीही मी दोन मिनिटं बोललो. तिचं काय चाललंय ते विचारलं. तिनेच कंटाळून ठेवला.

पेपरच्या दिवशी सकाळची टाकी भरली, इस्त्रीचा सदरा घातला आणि भाईंदरला गेलो. केंद्र कुठलं ते सान्वीने आधीच सांगितलं होतं. नुसतं लांबून बघायचं, असं ठरवलं होतं. शाळेच्या फाटकासमोर आईबापांची ही गर्दी. मी उसाच्या रसाच्या गाडीआड उभा राहिलो.

दोघी आल्या. मंदा गेली तेव्हा समिधा आली होती, पण तेव्हा भोवती बायका होत्या, नीट बघता आलं नव्हतं. कानाजवळचे केस पिकलेत. चालते मंदासारखी, डावा खांदा थोडा पाडून. तिने सान्वीच्या तळहातावर दही-साखर ठेवली. सान्वीने हात चाटत इकडेतिकडे पाहिलं आणि तिला मी दिसलो. ‘आजोबा!’ केवढ्याने ओरडली! मग पॅड आणि पेन घेऊन आत पळाली. दप्तर आत नेऊ देत नव्हते, ते समिधाच्या हातात राहिलं.

आता पळावं की थांबावं, हे ठरेपर्यंत समिधा रस्ता ओलांडून आली. माझ्याकडे बघितलं नाही. रसाच्या गाडीकडे बघत म्हणाली, ‘धरा हे. आत तिचा फोन आहे. मी दुकान उघडून येते. एकनंतर सुटेल.’

मी दोन्ही हात पुढे केले. ती गेली.

मार्चचं ऊन. एका बाईने म्हटलं, ‘अंकल, बैग नीचे रख दो, कितना देर पकड़ोगे.’ ‘रहने दो,’ म्हटलं. खाली धूळ होती. रसवाल्याने स्टूल पुढे केलं, मी बसलो नाही. का ते मला सांगता येणार नाही. माझ्या लेकीने माझ्या हातात काहीतरी दिलं होतं आणि ते मला नीट सांभाळायचं होतं, बस.

एक वाजून दहा मिनिटांनी घंटा झाली. समिधा तेवढ्यात परत आली होती, पण फाटकाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली. सान्वी धावत माझ्याकडे आली. ‘आजोबा, दोन फासे आले! बेरीज सात नाही, नऊ, पण सेम टू सेम! चारही मार्क येणार!’

‘चार-पाच, तीन-सहा आणि उलटे. एक छेद नऊ,’ मी म्हटलं. पुस्तक न बघता.

समिधा आली. तिने माझ्या हातातून दप्तर घेतलं. घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली. ती थंड होती, एवढ्या उन्हात.

रिक्षा थांबली. दोघी बसल्या. तिसऱ्याची जागा होती. ती मी बघितली आणि समिधानेही बघितली. मग तिने दप्तर तिथे ठेवलं.

रिक्षा सुरू झाली तेव्हा ती समोर बघतच म्हणाली, ‘परवा भूमिती आहे. अकरालाच.’

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. रसवाला विचारत होता, ‘काका, एक ग्लास दूँ?’ मी खिशात हात घालायला गेलो, तर हात अजून दप्तर धरल्यासारखे कोपरात वाकलेले होते.