त्रेपन्न निळे थेंब

बोटीच्या तळात चार बोटं पाणी होतं. मी आतल्या एका लाकडी फासळीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारली आणि घड्याळ पाहिलं. सात वाजून अठरा मिनिटं. सात अठ्ठावीसला पाणी रेघेच्या तीन मिलिमीटर वर होतं. दहा मिनिटांत बोट कुठल्याच बाजूला कलली नव्हती, म्हणजे हे इकडचं तिकडे झालेलं पाणी नव्हतं, नवीन होतं. मी करंगळी बुडवून जिभेला लावली. खारट. पिण्याच्या पाण्याची टाकी फुटली असती तर गोड लागलं असतं.

"बाहेरचं आहे," मी म्हणाले.

माझा थोरला भाऊ तेओफिलो तळाच्या झडपेतून वाकून पाहत होता. थोड्या वेळापूर्वी त्याने आमची 'निकोलासा' बोट नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर चढवली होती. गेल्या महिन्यापर्यंत तिथून वाट होती. आम्ही ब्वेनाव्हेंतुराच्या बंदराला निघालो होतो. बोटीत आठशे नारळ होते, सातुरिया मावशीच्या दारूच्या बाटल्या होत्या आणि माझी रक्ताच्या नमुन्यांची पेटी होती. मी काठावरच्या गावांमध्ये मलेरियाचे नमुने घेत फिरते आणि महिन्यातून दोनदा भावाच्या बोटीने बंदरात परतते.

बोट बसली ती अगदी अलगद, लोण्यात सुरी गेल्यासारखी. घोटाळा नंतर झाला. तेओफिलोने इंजिन उलटं फिरवून जोर लावला. मी पुढे जाऊन किल्लीच बंद केली. इंजिन उलटं फिरवलं की बोटीचा पंखा वाळू उधळतो, आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी जिथून आत येतं तिथून ती वाळू आत खेचली जाते. तीस वर्षं बोट चालवणाऱ्या माणसाला हे माहीत असतं, तरी हात आधी तिकडेच जातो. त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं, मग इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे पाहिलं, आणि राग गिळला.

सातुरिया मावशी नारळांच्या पोत्यांवर बसली होती. सत्तरीची बाई, उसाची दारू आणि औषधी पाला विकते. नदीवर तिला सगळेच मावशी म्हणतात. इंजिन उलटं फिरल्यावर बोटीला धक्का बसला तेव्हा तिचं कोपर कठड्यावर आपटलं होतं. मी आधी तिचं कोपर पाहिलं, बोटं हलवायला लावली, मनगट फिरवून पाहिलं. तिने तेवढ्यात दुसऱ्या हाताने बाटल्या चाचपल्या.

"एकही फुटली नाही," ती म्हणाली. "आता माझं काय व्हायचं ते होऊ दे."

ओहोटी दीड तासापूर्वी सुरू झाली होती. याचा अर्थ सोपा होता. पाणी दुपारी बारापर्यंत उतरणार, मग चढणार, आणि साडेचारच्या सुमारास पुन्हा आत्ताइतकंच होणार. पौर्णिमेला तीन दिवस होते, उधाण वाढत होतं, तेव्हा संध्याकाळची भरती सकाळच्या भरतीपेक्षा वितभर जास्तच असणार होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं. उलट पूर्ण बोट कोरडी पाहायला मिळणार होती, आणि तेही भर उजेडात.

तेओफिलो नांगर खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि खोल बाजूला नेऊन रोवून आला. भरती आली की लाटा बोटीला आणखी वर ढकलतात. नांगर तिला धरून ठेवतो. मग त्याने खारफुटीच्या दोन बल्ल्या कापून आणल्या आणि ज्या बाजूला बोट कलणार होती तिकडे टेकू लावले. हे सगळं तो नीट करत होता. काम असलं की माझा भाऊ उत्तम माणूस असतो.

टेकू लागल्यावर तो पंप घेऊन तळाकडे निघाला.

"राहू दे," मी म्हणाले. "पाणी आतच असू दे."

"बुडालेल्या बोटीत बसायची हौस आहे का तुला?"

"वाळूवर ती कुठे बुडतेय? बाहेरचं पाणी खाली गेलं की आतलं बाहेर यायला लागेल. जिथून आत आलं तिथूनच येईल. आपल्याला शोधत बसावं लागणार नाही."

त्याने पंप खाली ठेवला. "डॉक्टरीणबाई," असं पुटपुटला. मी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेत काम करते. हे त्याला चांगलं माहीत आहे.

पाणी उतरेपर्यंत आम्ही बाकीचं पाहून घेतलं. सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण फिरत होतं. मी ते धरून हलवून पाहिलं, बिजागरीत जुनीच ढील होती, नवीन नव्हती. पंख्याची तिन्ही पाती शाबूत होती. तेओफिलोने तो हाताने फिरवला तेव्हा शाफ्ट कुठेही अडला नाही, की कुरकुरला नाही. थंड पाण्याच्या वाटेतली जाळी मात्र वाळूने गच्च भरलेली निघाली. ती काढून धुतली. आतली रबरी चक्री बाहेर काढली, तिची सहाही पाती मोजली आणि वाकवून पाहिली. एक जरी पातं तुटलेलं असतं तर तो तुकडा पुढे कुठे अडकलाय ते शोधावं लागलं असतं. इंधनाची टाकी जागची हलली नव्हती.

थोडक्यात, वाळूने आमचं काहीच बिघडवलं नव्हतं. आणि पाणी तर येत होतं.

दहा वाजता दांडा उघडा पडला. बगळे उतरले. मावशीने बोटीतल्या शेगडीवर माशाचा रस्सा ठेवला, त्यात कच्ची केळी टाकली, आणि कोणाला न विचारता तिघांचा वाढला.

'निकोलासा' हे आमच्या आईचं नाव. बोट वडिलांनी बांधली, आई हयात असताना. वडील वर नदीकाठी, पाल्मारला राहतात. तिथवर भरती पोचते पण खारं पाणी पोचत नाही. मुखाशी राहणाऱ्या लाकडी बोटींच्या जिवाला एक किडा असतो. तो खाऱ्या पाण्यात लाकडात शिरतो. शिरतो तेव्हा भोक टाचणीच्या डोक्याएवढं असतं, आणि आत करंगळीएवढा बोगदा होतो. बाहेरून काही दिसत नाही. गोड्या पाण्यात हा किडा दार लावून घेतो आणि दोन-तीन आठवडे तग धरतो, मग मरतो. म्हणून आमच्या नदीवरच्या बोटी वर्षातून दोनदा, एकेक महिना, वर जाऊन राहतात. 'निकोलासा' पाल्मारला वडिलांच्या धक्क्याला बांधलेली असायची. ते लाकडी हातोडीने तिची फळी न् फळी वाजवत, कुठे पोकळ आवाज येतो ते ऐकत फिरायचे आणि आई त्यांना ओरडायची की डोकं उठलं.

आई गेली त्याला दोन वर्षं दोन महिने झाले. नऊ रात्रींच्या प्रार्थनेतल्या पाचव्या दिवशी तेओफिलो माल घेऊन निघून गेला. माल नासणारा होता, हे खरंच होतं. नवव्या पहाटे गेलेल्या माणसासाठी घरात मांडलेली वेदी उतरवतात. तिच्या पांढऱ्या चादरीवर शोकाची खूण म्हणून लावलेलं काळ्या कापडाचं फुलपाखरू आमच्या घरात थोरल्या मुलाने काढायचं असतं. ते वडिलांनी काढलं. त्यांना शिडीवर चढवत नव्हतं, मी खालून धरलं होतं. भांडण असं झालंच नाही. तेओफिलो त्यानंतर वर गेला नाही, एवढंच. बोट नेली नाही. बाजारातून किडा रोखणारा परदेशी रंग आणून तळाला लावला आणि सांगत राहिला की आता त्या जुन्या सोपस्कारांची गरज उरली नाही.

मी दर महिन्याला पाल्मारला जाते. वडील विचारतात, बोट कशी आहे. मी परत आले की तेओफिलो विचारतो, वर नदीला पाणी किती आहे. मी दोघांनाही विचारलं तेवढंच सांगते.

साडेदहाला मी पेटीतून रंगाची बाटली काढली. काचपट्टीवरचं रक्त रंगवायला आम्ही हे जांभळट निळं द्रावण वापरतो. मलेरियाचे जंतू त्यात उठून दिसतात. अर्धी बाटली तळातल्या पाण्यात ओतली आणि वल्ह्याने ढवळलं.

"हिने आता बोटीचं रक्त तपासायला घेतलं," मावशी म्हणाली.

मी वाळूवर उतरले आणि बोटीच्या कण्याशेजारी पालथी पडून वाट पाहिली. आधी मी फळ्यांचे सांधे पाहिले. धक्क्याने सांधा उघडला असता तर तिथे निळी रेघ उमटली असती. सांधे कोरडे होते. मग कण्याला लागून असलेल्या फळीवर, जिथे आधीच्या कधीतरीच्या घासण्याने तो परदेशी रंग निघून गेला होता, तिथे एक निळा ठिपका आला. फुगला, थेंब झाला, ओघळला. शेजारी दुसरा. मग चार-पाच एकदम. हातभर लांबीत फळीला निळा घाम फुटला.

मी मोजले. दोनदा मोजले. मग भावाला हाक मारली.

तो गुडघ्यावर बसला. एका बोटाने एक थेंब पुसला; तो परत आला.

"धक्क्याने झालं असेल," तो म्हणाला.

मी त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. त्याने तो थेंबांच्या मधोमध टेकवला आणि दाबला. अगदी हलक्या हाताने. लोखंड मुठीपर्यंत आत गेलं. आवाजसुद्धा झाला नाही.

आमच्या भाषेत या किड्याला जो शब्द आहे तोच थट्टेलाही आहे. मावशी कठड्यावरून वाकून पाहत होती.

"अरे पोरा," ती म्हणाली, "एवढी मोठी थट्टा दोन वर्षं तुझ्या बुडाखाली चाललीये, आणि तुला हसू आलं नाही?"

तेओफिलोने तिच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाला की पत्रा ठोकू, डांबर लावू, पंप चालू ठेवू. ब्वेनाव्हेंतुराला उद्याच बोट वर काढून घेऊ, तिथे चांगले सुतार आहेत. हे अशक्य नव्हतं. मुखाबाहेर पाच तासांचा उघडा समुद्र होता. हवा शांत असली तर कदाचित निभावलं असतं. त्याने माझं मत विचारलं.

"मी पाहिलं तेवढंच सांगते," मी म्हणाले. "एका फळीवर त्रेपन्न भोकं. हातभर जागेत. दुसऱ्या फळ्या मी अजून वाजवल्या नाहीत."

"वाजव मग."

"मला आवाज कळत नाही. ज्यांना कळतो ते कुठे राहतात ते तुला माहीत आहे."

तो उठला आणि दांड्याच्या टोकापर्यंत चालत गेला. तिथे उभं राहिलं की एका बाजूला समुद्र दिसतो आणि दुसऱ्या बाजूला नदीचं वळण. माझा भाऊ तिथे किती वेळ उभा होता ते मी मोजलं नाही. मी पंपाने तळ उपसायला घेतला होता. मावशीने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि मला हळू आवाजात विचारलं, म्हातारा अजून रागावलेला आहे का? मी म्हटलं, मला त्यांनी कधी राग दाखवलेला नाही, दर खेपेला ते धक्क्यावरचं गवत कापत असतात. धक्क्याला दोन वर्षांत कोणी बोट बांधलेली नाही.

"हे त्याला सांगितलंस का?"

"त्याने विचारलं नाही."

"तू पण कमाल आहेस हं," मावशी म्हणाली. "त्याला नदीचं पाणी मोजून सांगतेस, आणि हे ठेवतेस पोटात."

मला ते लागलं, कारण ते बरोबर होतं. न विचारलेलं न सांगणं ही माझ्या कामाची शिस्त आहे. घरात तिचा उपयोग काय, हे मी कधी तपासलं नव्हतं.

तो परत आला तेव्हा मी त्याला सांगितलं. धक्क्याचं, गवताचं. तो जेवत होता. घास चावता चावता थांबला, मग पुन्हा चावू लागला.

दुपारी आम्ही पत्रा ठोकला. खाली डांबरात बुडवलेलं गोणपाट, वर पत्रा, कडेने दाट खिळे. खिळे निरोगी लाकडात जावेत म्हणून तेओफिलो भोकांपासून हातभर दूर सरकत राहिला. साडेतीनला पाणी कण्याला लागलं. चारला बोट कण्हली. चार चाळीसला ती टेकूंवरून उठली, डोलली, आणि नांगराच्या दोरावर सरळ झाली.

मी पुन्हा तळात होते. नवी रेघ, घड्याळ. दहा मिनिटांत अर्धा मिलिमीटर. तेओफिलोने इंजिन सुरू केलं आणि मी बाजूने वाकून पाहिलं: थंड पाण्याची धार जोरात बाहेर पडत होती, आधी गढूळ, मग स्वच्छ. तापमानाचा काटा चढला आणि योग्य जागी थांबला. पंख्यात थरथर नव्हती. सुकाणू डावीकडे, उजवीकडे. सगळं तपासून झालं.

नांगर वर आला. बोट खोल पाण्यात, मुखाच्या बरोबर मध्ये, भरतीबरोबर हळूहळू आत सरकत होती. डावीकडे समुद्र होता. भावाने सुकाणू धरलं होतं पण वळवलं नव्हतं.

"कप्तान," मावशी पोत्यांवरून म्हणाली, "माझ्या बाटल्यांना कुठेही गिऱ्हाईक मिळतं. माझी काळजी नको."

माझ्या नमुन्यांसाठी उद्या सकाळी पाल्मारहून बंदराला जाणारी जलद बोट होती. मी तेही सांगितलं.

त्याने सुकाणू उजवीकडे दाबलं. बोटीचं नाक खारफुटीवरून फिरत फिरत नदीच्या वळणावर आलं आणि तिथे स्थिर झालं. मग तो माझ्याकडे न पाहता बोलला. आवाज नेहमीसारखाच होता, इंजिनापेक्षा थोडा मोठा.

"इथे फोन लागतो. पापांना लाव. बोट येतेय म्हणू नकोस. मी येतोय म्हण."